बंबाची वाट मोकळी ठेवू या

आज बोलायचं आहे जमिनीवर मारलेल्या काही पट्ट्यांबद्दल. तालुक्याच्या व्यापारी संकुलातलं वाहनतळ आमच्या बचत गटातल्या दहाजणी चालवतात. पावती फाडणं, गाड्या रांगेत लावून घेणं, झाडलोट, सगळं आम्हीच करतो. याच वाहनतळात अग्निशमन बंबासाठी वाट आखून घेतली. ती का आखली, कशी आखली आणि तिची किंमत कोणी मोजली, ते सांगतो.

आधी का ते ऐका. १३ जून १९९७ ची गोष्ट आहे, दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहाची. तळमजल्यावर गाड्या लावायची जागा, आणि तिथेच विजेचा ट्रान्सफॉर्मर. दुपारच्या खेळाच्या वेळी ट्रान्सफॉर्मरला आग लागली. गाड्या अगदी जवळ लावलेल्या होत्या, त्यांनी पेट घेतला आणि धूर जिन्यातून वर प्रेक्षागृहात शिरला. वर बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची एक वाट बंद केलेली होती. ५९ माणसं गेली, बहुतेक धुरानं गुदमरून. चार गाड्या जास्त, चार खुर्च्या जास्त, एवढ्या लोभापायी वाट अडते. एरवी ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता वाट किती रुंद हवी? राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतींसाठी सहा मीटर रुंदीचं प्रवेशद्वार सांगितलं आहे, आणि वर कमान असेल तर निदान पाच मीटर उंची मोकळी हवी. आमचं संकुल काही तेवढं उंच नाही, पण माप आम्ही तेच धरलं. दुकानदार म्हणाले, "बंब तर अडीच मीटर रुंद असतो, सहा कशाला?" बरोबर प्रश्न आहे. पण बंब नुसता आत येऊन भागत नाही. दोन्ही बाजूंचे कप्पे उघडायचे, पाण्याचे पाइप अंथरायचे, शिडी लावायची, जवानांनी पळायचं आणि त्याच वेळी लोकांनी बाहेर यायचं. एवढं सगळं त्या सहा मीटरात होतं.

टेप नसेल तर सोपं माप सांगतो. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. ती सरळ अंथरा आणि पुढे एक हात जागा धरा. झाले सहा मीटर. मोजताना मात्र गाड्या लावलेल्या असू द्या. रिकाम्या जागेत सगळं ऐसपैस दिसतं. गाडीचं तोंड रेषेबाहेर किती येतं ते गाडी उभी असतानाच कळतं.

रंग लावण्याआधी आम्ही कागदावर नकाशा काढला आणि नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात दाखवला. तिथल्या साहेबांनी येऊन तीन गोष्टी दाखवल्या. भूमिगत टाकीच्या झाकणावर दुचाकी लागत होत्या. बंबाचा पाइप जिथे जोडायचा त्या तोटीपुढे भंगार होतं. आणि सणासुदीला लावलेलं फलकाचं बांबू कमान रस्त्यावरच खाली उतरत होतं. पट्टे जमिनीवर, पण अडथळा डोक्यावरही असतो, हे त्यांनी लक्षात आणून दिलं. रंग पावसानं आणि चाकांनी पुसला जातो, म्हणून भिंतीवर नजरेच्या उंचीला पाटीही लावली: "अग्निशमन वाहनाची वाट. येथे वाहन लावू नये."

आता किमतीचं. त्या पट्ट्यात बत्तीस दुचाकींची जागा गेली. एका गाडीचे पाच रुपये, दिवसाला तीन फेऱ्या, म्हणजे रोज ४८० रुपये. गटातल्या बायकांच्या घरात हा आकडा मोठा आहे. बैठकीत मंडळी सरळ दोन मतांची झाली. "आग रोज लागते का, पोट रोज लागतं," असं एकजण म्हणाली, आणि तिचं खोटं नव्हतं.

मग आम्ही कायदा वाचला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्यात आगीपासून बचावाची व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि ती वापरणाऱ्यावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत प्रमाणपत्र द्यायचं, तेही त्यांनीच. जबाबदारी सगळ्यांची, तर तूट एकट्या बायकांनी का सोसायची? हाच मुद्दा घेऊन आम्ही संकुलाच्या समितीपुढे बसलो. दोन मागण्या ठेवल्या. बत्तीस जागा वगळून आमचं मासिक भाडं ठरवा. आणि दिवसभर उभ्या राहणाऱ्या दुकानदारांच्या गाड्या मागच्या मोकळ्या जागेत लावा, म्हणजे पुढच्या जागा गिऱ्हाइकांसाठी फिरत्या राहतील. तीन बैठका झाल्या. दुसरी मागणी पूर्ण मान्य झाली, भाडं या वर्षापुरतं कमी झालं. तूट सगळी भरून निघाली नाही, पण पोटाचा प्रश्न सुटण्यासारखा झाला, आणि वाट राहिली.

रोजचं काम आता बोलण्याचं आहे. "ताई, पाचच मिनिटं, औषध घेऊन येतो." आम्ही भांडत नाही. "दादा, पलीकडे लावा, आम्ही लक्ष ठेवतो," म्हणतो, आणि गाडी लावायला हातही देतो. सणाच्या आठवड्यात एक बाई फक्त त्या पट्ट्यावर असते. आग लागलीच तर कोणी १०१ ला फोन करायचा, कोणतं फाटक सांगायचं, कोणी फाटकाशी उभं राहून बंबाला हात दाखवायचा, हे नावानिशी ठरलेलं आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे संकुल नसेल, पण आठवडी बाजार असेल, मंगल कार्यालय असेल, गटाचं प्रदर्शन असेल. मांडव घालण्याआधी एक साडी अंथरून पाहा. बंब आत येईल का आणि वळून बाहेर जाईल का, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर नाही आलं, तर मांडव घालण्याआधीच जागा बदलता येते. नंतर बदलता येत नाही.