जुन्या संगणकाची डागडुजी



शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टराची जुनी पाने चाळताना ‘बीबीसी मायक्रो संगणक, नग एक’ अशी नोंद आपल्यापैकी काही शिक्षकांच्या नजरेस आली असेल. १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने शाळांना संगणकाची ओळख करून देणारी योजना सुरू केली. प्रारंभी सुमारे २५० शाळा निवडल्या, आणि त्यांना जे यंत्र दिले ते हेच. मूळचे ते इंग्लंडातले. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ च्या डिसेंबरात ते बाजारात आणले. तिकडच्या नभोवाणीने लोकांना संगणक शिकवण्याचे मनावर घेतले होते, म्हणून तिचे नाव त्याला मिळाले. नभोवाणीचे नाव संगणकाला लागावे याचे, या ठिकाणी बसून बोलताना, मला थोडे कौतुकच वाटते.

अशी यंत्रे कपाटांतून, माळ्यांवरून अजून निघतात. ती चालतील का? पुष्कळदा चालतात. पण सापडले की पुसले, आणि लावली पिन भिंतीला, असे मात्र करू नका. हे मी आधीच बजावून ठेवतो.

यंत्राच्या आत एक बंद पेटी असते. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन ती ५ व्होल्टची करून देण्याचे काम तिचे. विजेतला खरखराट अडवण्यासाठी या पेटीत कागदाचे कंडेन्सर बसवलेले असतात. कागदावर धातूचा पातळ थर, आणि वर पिवळसर पारदर्शक कवच. चाळीस वर्षांत या कवचाला केसासारख्या भेगा पडतात. भेगांतून हवेतला ओलावा कागदात मुरतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर चार पावसाळे काढलेल्या माणसाला ओलावा काय करतो ते सांगायला नको. मग वीज सोडली की पाचदहा मिनिटांत हा कंडेन्सर तापतो, फट्‌दिशी फुटतो आणि खोलीभर दाट, उग्र वासाचा धूर होतो. गंमत अशी की एवढे होऊनही यंत्र बहुधा चालूच राहते. म्हणून कोणी म्हणतो, चालतेय ना, मग राहू द्या! तसे राहू देऊ नये. बटण दाबण्यापूर्वीच ते कंडेन्सर काढून त्याच मापाचे, एक्स-टू जातीचे नवे बसवावेत. दुसऱ्या जातीचा स्वस्त कंडेन्सर तिथे चालत नाही; थेट घरच्या विजेवर राहण्यासाठी जो बनवलेला असतो, तोच हवा.

आणि हे काम शिक्षकांनी स्वतः करू नये. पेटीतल्या मोठ्या कंडेन्सरात पिन काढल्यावरही काही वेळ तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात. तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर असतो, त्याला हे नीट ठाऊक असते. डाख देण्याचा त्याचा हातही बसलेला असतो. पेटी त्याच्याकडे न्यावी. आणताना ५ व्होल्टच्या तारा मल्टिमीटरने मोजून घ्याव्यात. पावणेपाच ते सव्वापाच यांच्या दरम्यान काटा असेल तर ठीक.

पुढचे काम मात्र वर्गात, मुलांच्या देखत करण्याजोगे आहे. पिन काढलेली असू द्या. मागे दोन आणि खाली दोन असे चार स्क्रू असतात, त्यांच्यापाशी ‘फिक्स’ असे लिहिलेले असते. ते काढले की झाकण उचलते. आतल्या बऱ्याच चिपा सॉकेटात खोचलेल्या दिसतील. तापणे-निवणे, तापणे-निवणे असे वर्षानुवर्षे होऊन त्या किंचित वर सरकतात आणि पायांवर गंजाचा थर धरतो. अंगठ्याने हलकेच पण ठाम दाबून त्या खाली बसवाव्यात. हात लावण्याआधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. मेले म्हणून टाकून दिलेली कितीतरी यंत्रे एवढ्याने बोलू लागतात.

बोलू लागतात हे मी शब्दशः म्हणतो. हे यंत्र सुरू करताच एक खर्जातला सूर काढते, आणि लगेच ‘पीप’ असा वरचा. पहिला सूर कोणी मुद्दाम घातलेला नाही. वीज मिळताच आवाजाची चिप आपली आपण ओरडू लागते. प्रोसेसर जागा झाला की तिला गप्प करतो आणि ‘मी आलो’ म्हणून स्वतः पीप वाजवतो. तेव्हा खर्जाचा सूर थांबतच नसेल, तर घरचा कर्ता अजून उठलेला नाही असे समजावे. निदान कानाने झाले! पडदा जोडायचीही गरज नाही.

आता सुधारणा. या यंत्राची स्मृती ३२ किलोबाइटची. तीतले २० किलोबाइट बारीक चित्रे काढताना पडद्यालाच जातात. प्रोसेसरला एकंदर ६४ किलोबाइटच मोजता येतात, म्हणून नुसती स्मृती वाढवून भागत नाही. एकॉर्नच्या लोकांनी तोड काढली ती वाड्यातल्या एका खोलीत पाळीपाळीने बिऱ्हाडे ठेवावीत तशी. एकच १६ किलोबाइटची खोली, तिला चार सॉकेटे. बेसिक भाषेचे काम असेल तेव्हा बेसिक आत, फ्लॉपीचे असेल तेव्हा दुसरी चिप आत.

याच सोयीचा फायदा आज होतो. कॅसेटवरून ३२ किलोबाइट भरायला चार-पाच मिनिटे लागत. फ्लॉपीच्या एका बाजूला, चाळीस ट्रॅकच्या, १०० किलोबाइट मावत. आता एका सॉकेटात एक चिप खोचून खालच्या पोर्टला मोबाइलमधल्यासारखे मेमरी कार्ड जोडता येते. शेकडो फ्लॉप्या त्यावर बसतात. यात यंत्राला कुठे कापावे लागत नाही, म्हणून मला ही सुधारणा पसंत आहे. ठिकठिकाणी तारा डाखून आणि झाकणाला भोके पाडून केलेली सुधारणा मला पसंत नाही. काढलेले जुने भाग पाकिटात घालून, चिठ्ठी लिहून, यंत्राबरोबरच ठेवावेत.

बुडाशी आणखी एक जोडणी असते, तिला ‘ट्यूब’ म्हणतात. दुसरा प्रोसेसर जोडण्यासाठी ती ठेवलेली. १९८५ च्या एप्रिलात एकॉर्नने स्वतः आखलेला पहिला ‘आर्म’ प्रोसेसर याच जोडणीला लावून चालवून पाहिला. आज मुलांच्या हातातल्या मोबाइलमध्ये बहुधा त्याच घराण्यातला प्रोसेसर असतो.

यंत्राबरोबर फ्लॉप्या सापडल्या, तर त्यांची काळजी यंत्राहून अधिक घ्या. यंत्र दुसरे मिळेल. पण त्या काळच्या एखाद्या शिक्षकाने पाढ्यांचा किंवा नकाशाचा कार्यक्रम स्वतः लिहून त्यावर ठेवला असेल, तर तो दुसरीकडे कुठेच नसेल. फ्लॉपी तिरप्या उजेडात धरून खिडकीतून आतली चकती पाहावी. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. हेड खराब होते आणि मागून घातलेली चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. ती कोरड्या डब्यात वेगळी ठेवा. स्वच्छ असतील त्या आधी कार्डावर उतरवून घ्या, आणि लेबलावर पेनाने लिहिलेले नाव आहे तसे वहीत टिपून ठेवा.