आधी खाली वाकून पाहा

मागच्या भाद्रपदातली गोष्ट. वरुडहून शेंदूरजनाघाटला परत येत होतो. दिवेलागणीची वेळ, पाऊस नुकताच उघडलेला. एका रपट्याच्या तोंडाशी पाणी साचलं होतं. मला ते डबकं वाटलं, निघाला खड्डा. डावं पुढचं चाक आत गेलं, दणका बसला, स्टिअरिंग हातातून निसटता निसटता राहिलं. उतरून पाहिलं तर टायर शाबूत होता आणि गाडी चालत होती. घरी आलो, जेवलो, झोपलो.

दोन महिन्यांनी तोच टायर आतल्या कडेने इतका घासला होता की तारा दिसायला लागल्या. बाहेरून नक्षी जशीच्या तशी, म्हणून मला पत्ताच नव्हता. नवा टायर टाकला, शहरात जाऊन मशीनवर अलाइनमेंट करून घेतली. पंधरा दिवसांत गाडी पुन्हा डावीकडे ओढू लागली. शेवटी गावातल्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी गाडी उचलली, चाक हलवलं, पहारीने लोअर आर्म ढकलून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, बुश फाटला हाय. हे आधी पाहाले पाहिजे होतं. आतमंदी ढिलं असन तं अलाइनमेंट काहून करता?"

आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या 'आधी'बद्दल.

चाक गाडीला एकाच जागी जोडलेलं नसतं. खाली लोअर आर्म, त्याच्या एका टोकाला रबरी बुश, दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट, वर स्प्रिंग आणि शॉकअप, आणि चाक वळवायला टाय रॉड. दणका बसला की यातलं काहीही वाकतं, फाटतं किंवा ढिलं होतं. अलाइनमेंटचं मशीन चाकाचा कोन दाखवतं; तो का बिघडला हे सांगणं त्याच्या हातात नाही. शिवाय बहुतेक छोट्या गाड्यांत गॅरेजमध्ये जुळवता येतो तो फक्त पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची तोंडं एकमेकांकडे किती वळली आहेत ते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बहुधा कारखान्यातच ठरलेला असतो. दणक्यानंतर मशीनवर एकाच चाकाच्या कॅम्बरचा आकडा चुकीचा दिसला, तर काहीतरी वाकलं आहे असं धरूनच चाला. तिथे नुसता टाय रॉड फिरवून "झालं" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

थोडासा कोन चुकला तर एवढं काय होतं, असं मलाही वाटायचं. मग हिशेब केला. चाकाची उंची साठ सेंटीमीटर धरा. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर यांत असायला हवा त्याहून फक्त 3 मिलिमीटर फरक पडला, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला अडीच मीटर आडवं घासतं. शंभर किलोमीटरच्या फेरीत अडीचशे मीटर! माझा टायर कुठे गेला ते मला तेव्हा कळलं.

आता दणका बसल्यावर लगेच काय करायचं ते सांगतो. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा, दिवे लुकलुकते ठेवा. टॉर्च लावून टायरच्या दोन्ही बाजू पाहा, आतलीसुद्धा. टायरच्या भिंतीवर फुगा आलेला दिसला तर आतले दोरे तुटलेले आहेत. त्याला पंक्चरसारखा इलाज नाही, स्टेपनी लावा आणि तो टायर बदलाच. रिमची कड दबली आहे का ते बघा. मग खाली वाकून इंजिनच्या चेंबरमधून तेल ठिबकतंय का, ते पाहा. ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर इंजिन पुन्हा सुरू करू नका.

घरी जाताना हळू चालवा आणि कान उघडे ठेवा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरपं राहतं का? गाडी ओढते का? इथे एक काळजी घ्यावी लागते. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे चांगली गाडीही जरा डावीकडे जाते. म्हणून ही परीक्षा सपाट जागी घ्या. खडखड आवाज येत असेल तर लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट बघावा लागेल. शॉकअपवर तेल लागून धूळ चिकटली असेल तर तो गळतो आहे. गॅरेजमध्ये गाडी उचलल्यावर चाक वर-खाली धरून आणि मग डावी-उजवीकडे धरून हलवायला सांगा. आडवं हललं तर पहिला संशय टाय रॉडच्या टोकावर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र कोणीही जाऊ नका.

गावातल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात काही दोष कळतच नाहीत. अमरावती–अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरची एक मार्गिका 105 तास 33 मिनिटांत डांबरीकरण करून झाली, त्याची गिनेस बुकात नोंद झाली. तशा गुळगुळीत रस्त्यावर ऐंशीच्या पुढे गेलं की रिम वाकल्याची थरथर स्टिअरिंगवर येते. समृद्धी महामार्गावर तर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. फुगा आलेला टायर घेऊन तिथे चढू नका, हात जोडून सांगतो.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ताही वरखाली होतो. रस्ता नीट असावा ही मागणी आपण करायचीच, पण खड्डा समोर आल्यावर करायची गोष्ट वेगळी आहे. ब्रेक खड्ड्याच्या आधी दाबा आणि चाक आत जाण्यापूर्वी सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकतं, स्प्रिंग आधीच दबलेली असते आणि सगळा मार लोखंडावर येतो.

मोटरसायकलवाल्यांनी दणक्यानंतर पुढचा फोर्क समोरून बघून घ्यावा. हँडल मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट तपासून घ्या.

आणि पिकअपवाले. आंबिया बहाराची संत्री आता निघतील, रात्री क्रेट भरून गाड्या नागपूरच्या वाटेला लागतील. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला की मागचा एक्सल एका बाजूने सरकतो आणि भरलेली गाडी तिरपी चालते. मागून येणाऱ्याला ते दिसतं, चालवणाऱ्याला कळत नाही. हे मोजायला मशीन लागत नाही. रिकामी गाडी सपाट जागी चाकं सरळ करून उभी करा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सुतळी ताणा, गाठ मारा. तीच सुतळी दुसऱ्या बाजूला लावून पाहा. गाठ जागेवर आली नाही, तर त्या रात्री गाडी भरू नका.