मितानिन दाराशी येते तेव्हा

भिलाईत पोलाद कारखान्याच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये सतराव्या-अठराव्या वर्षी गरोदर राहिलेली एखादी मुलगी दवाखान्याची पायरी चढायला बिचकते. मग मितानिन, म्हणजे वस्तीतलीच आरोग्य स्वयंसेविका, तिच्या दाराशी जाते. छत्तीसगडने ही मितानिन योजना २००२ मध्ये सुरू केली. देशभर अशाच ‘आशा’ सेविका आल्या त्या २००५ नंतर.

या वयात मुलीचं स्वतःचं शरीरही वाढत असतं. रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, दिवस भरण्याआधी बाळंतपण, कमी वजनाचं बाळ, हे सगळे धोके अधिक. म्हणून पहिल्या १२ आठवड्यांतच नाव नोंदवावं. परिचारिका, म्हणजे आपल्या नर्सताई, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासतात, १८० दिवसांच्या लोहगोळ्या देतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात डॉक्टरांची तपासणी मोफत असते.

मुलगी १८ वर्षांखालची असेल तर बाल लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावं लागतं. या भीतीने घरचे तिला लपवतात, आणि तपासण्या चुकतात. माझ्या मते सर्वांत मोठा धोका हाच. गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीचं नाव डॉक्टरांनी उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत मितानिनच्या घरी येऊन सहा भेटी ठरलेल्या असतात. त्यात बाळाला नीट पाजता येतंय का, हे बघतातच. पण आई रात्री झोपते का, उगाच रडते का, हेही विचारायला हवं. पुढचं मूल लांबवण्याचे उपाय आणि सुटलेली शाळा, हे विषय तिच्या सासूसमोरच काढावेत.