राउटर घेण्याआधी भिंत पाहा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज बोलायचं आहे ते घरातल्या एका लहानशा डबीबद्दल. टीव्हीच्या मागं, वायरींच्या गुंत्यात, हिरवे दिवे लुकलुकवत ती पडलेली असते. वाय-फायचा राउटर. चालू असतो तोवर त्याची कुणाला आठवण नसते. बंद पडला की मात्र नळाचं पाणी गेल्यासारखी घरात आरडाओरड होते. हा राउटर निवडायचा कसा, असं मला बरेच जण विचारतात. मी स्वतः तो एकदा चुकीचा निवडून दिला होता. त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

माझी थोरली बहीण लातूरला असते, गंजगोलाईपासून जवळच. घर जुनं. पुढची खोली काळ्या दगडाची, भिंत चांगली दोन फूट जाड. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि माळवदांच्या ओझ्याखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर आपल्या भागात ज्याला जमलं त्यानं दगड सोडून सिमेंट-काँक्रीट धरलं. ताईच्या सासऱ्यांनीही मागची बाजू उतरवून कॉलम-बीमच्या खोल्या बांधल्या. पुढची दगडी खोली तेवढी राहिली.

२०२१ साली माझी भाची 'नीट'ची तयारी करत होती. करोनामुळं क्लास बंद, शिकवणी आणि सराव चाचण्या सगळं घरून. एप्रिलमध्ये तिचा फोन आला, ''मामा, पेपर सोडवताना मध्येच नेट जातं. काय करू?'' मी नांदेडला बसून मोठ्या ऐटीत सांगितलं, ''जुना डबा काढून टाका. चार अँटेनांचा घ्या.'' ताईनं साडेतीन हजार रुपये खर्चून तो आणला. पुन्हा फोन आला नाही, म्हणून मी समजलो, काम झालं.

जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर लातूरला गेलो. रात्री अकराला पाणी प्यायला उठलो, तर भाची पुढच्या जिन्याच्या पायरीवर बसलेली. मांडीवर वही, पायाशी डासांची अगरबत्ती. मी विचारलं, ''अगं, इथं काय करतेस?'' ती म्हणाली, ''इथं रेंज बरी येते, मामा.'' दोन महिने ती तिथंच अभ्यास करत होती. ताई म्हणाली, ''तू सांगितलंस म्हणून घेतला. पुन्हा खर्च कसा सांगायचा, म्हणून पोर बोलली नाही.'' मला फार ओशाळल्यासारखं झालं. चार अँटेना सांगण्याआधी मी एकदाही विचारलं नव्हतं, की घर कसं आहे आणि मुलगी बसते कुठं.

श्रोतेहो, तुम्ही हे भाषण एफएमवर ऐकत असाल, तर त्या लहरीची लांबी साधारण तीन मीटर असते. वाय-फायही रेडिओलहरीच वापरतं, पण त्या फार आखूड. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे आपल्या वीतभरापेक्षाही कमी. ५ गिगाहर्ट्झची त्याच्याही निम्मी. ढोबळमानानं लहर जितकी आखूड, तितकी ती भिंतीत लवकर थकते. प्लायवूडच्या पार्टिशनमधून ती सहज जाते, विटांच्या भिंतीत कमी होते, दोन फुटी दगडात जवळजवळ संपते. सळया घातलेला स्लॅब आणि लोखंडी कपाट हेही तिचे वैरीच.

आणखी एक वैरी पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. तेव्हापासून ताईच्या घरात पाण्याचे दोन मोठे बॅरल कायम भरलेले. ते होते नेमके दगडी भिंतीच्या मागं, बोळात. पाणी या लहरी शोषून घेतं. म्हणजे पुढच्या खोलीतला राउटर आधी दगडाशी आणि मग पाण्याशी झुंजत होता.

मग चार अँटेनांनी काय केलं? काही नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा केंद्र सरकारनं २००५ साली परवानामुक्त केला, तो शक्तीची मर्यादा घालूनच. अँटेना वाढल्या म्हणून ती मर्यादा वाढत नाही. शिवाय हे दोघांचं बोलणं आहे. राउटर मोठ्यानं ओरडला, तरी मोबाइलचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचायला हवं ना! मोबाइलचा आवाज आहे तेवढाच राहतो.

दुसऱ्या दिवशी बाजारातून पंधरा मीटर लॅनची वायर आणली. पुढच्या खोलीत फायबरवाल्यानं बसवलेला डबा होता, तो तिथंच ठेवला. वायर झरोक्यातून मागं नेली आणि नवा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' करून मधल्या खोलीत, डोक्याच्या उंचीवर बसवला. खर्च काहीशे रुपये. त्या रात्री भाची आपल्या खोलीत, टेबलाशी बसली.

आता तुमच्या घराचं पाहू. नवा राउटर घेण्याआधी मोबाइल हातात घेऊन सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारा. वाय-फायची ताकद दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. आकडा उणे पन्नासच्या आसपास असेल तर उत्तम, उणे सत्तरच्या खाली गेला तर अडचण. राउटरच्या शेजारी उभं राहूनही वेग कमीच असेल, तर दोष बाहेरच्या जोडणीचा किंवा डब्याचा. शेजारी चांगला आणि आतल्या खोलीत वाईट, तर दोष भिंतीचा आणि जागेचा. आधी जागा बदलून पाहा, त्याला पैसे पडत नाहीत. फायबरसोबत मिळालेल्या डब्यातच बहुतेक वेळा वाय-फाय असतं, तेही विसरू नका.

तरीही घ्यायचाच असेल, तर खोक्यावरच्या आकड्यानं भुलू नका. '१२००' लिहिलेलं असतं, ती दोन पट्ट्यांची बेरीज असते, ३०० आणि ८६७. मागच्या खाचा मात्र अनेकदा १०० च्याच असतात. तुमचं कनेक्शन २०० चं आणि खाच १०० ची, तर मिळणार शंभरच. म्हणून खाच 'गिगाबिट' आहे का, हे दुकानदाराला विचारा. दोन्ही पट्ट्यांचा, म्हणजे 'ड्युअल बँड' घ्या. लांबच्या खोलीला २.४, जवळच्याला ५. 'वाय-फाय ६' हे प्रमाणपत्र २०१९ पासून आणि 'वाय-फाय ७' २०२४ पासून मिळू लागलं. पण घरातले मोबाइल जुने असतील, तर महागड्या राउटरचा त्यांना फारसा उपयोग नाही.

घर लांबट असेल, तर साधा रिपीटर शक्यतो टाळा. त्याच पट्ट्यावर ऐकायचं आणि त्यावरच पुढं सांगायचं, यात वेग साधारण निम्मा होतो. वायर नेता आली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. वायर अशक्यच असेल, तर दोन-तीन डब्यांची 'मेश' जोडणी पाहा.

वीज गेली की राउटरही जातो. त्यासाठी लहान यूपीएस मिळतो, पण घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. आणि राउटरसोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. सेटिंगमध्ये 'डब्ल्यूपीए ३' असेल तर ते, नाही तर 'डब्ल्यूपीए २' ठेवा.

भाचीनं १२ सप्टेंबर २०२१ ला परीक्षा दिली. आज ती फिजिओथेरपी शिकते आहे. अलीकडे नांदेडच्या वजिराबादेत एका मित्रानं मला विचारलं, ''कोणता राउटर घेऊ?'' मी म्हटलं, ''ते मग सांगतो. आधी सांग, घरात सगळ्यात आतल्या खोलीत कोण बसतं?'' तो म्हणाला, ''मुलगा. का रे?'' मी म्हटलं, ''मग घरी जा आणि आधी त्याला विचार, बाबा रे, तुझं कसं चाललंय?''