६४० रुपयांचा निळा ड्रेस

आदरणीय सर, बाई आणि १९९६ च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी सगळ्यांना सांगितलं होतं की आपल्या अनुभवातलं, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी बोला. माझा सगळा जन्म सॉफ्टवेअरमध्ये गेला, त्यामुळे मी कॉम्प्युटरवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असणार. त्याचे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर रोज येतातच. मी कपड्यांवर बोलणार आहे. हातात पैसे मोजके असताना चारचौघांत, मुलाखतीला, ऑफिसात घालायचे कपडे कसे घ्यायचे, यावर. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं आता त्या वयाला आली आहेत.

आधी एक कबुली देते. आपल्या निरोपसमारंभाच्या फोटोत मी नाही. मला ताप आला होता, असं मी तेव्हा सांगितलं होतं. ताप वगैरे काही नव्हता. मुलींनी साडी नेसून यायचं ठरलं होतं. आईकडे बरी म्हणावी अशी एकच साडी होती, आणि त्याच दिवशी तिला ती नेसून एका लग्नाला जायचं होतं. कोणाकडे मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही. घरी भूमितीची प्रमेयं सोडवत बसले. आदल्या दिवसापर्यंत आपण सगळ्या जणी त्याच निळ्या स्कर्टात आणि पांढऱ्या ब्लाउजात होतो, तेव्हा कोणाच्या घरी किती साड्या आहेत हे कोणाला कळत नव्हतं.

पुढची गोष्ट २००१ मधली, पुण्यातली. माझं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष. आयटीत मंदी होती, कॉलेजात कंपन्या मोजक्याच येत होत्या, आणि नोटिशीच्या खाली लिहिलेलं असायचं, ‘फॉर्मल कपडे आवश्यक’. आईने मनिऑर्डरने ७०० रुपये पाठवले. होस्टेलवरच्या काही मुली कोट शिवून घेत होत्या. मी हिशेब केला. लेखी परीक्षा, ग्रुप डिस्कशन, मुलाखत, आणि नोकरी लागलीच तर पहिला पगार हातात येईपर्यंतचा महिना, एवढं सगळं एकाच कपड्यात निभवायचं होतं. कोट त्यात बसत नव्हता. साधा, एकरंगी पंजाबी ड्रेस बसत होता.

लक्ष्मी रस्त्यावर कापड घेताना शाळेतले शिवणाचे तास आठवले. बाई सांगायच्या, कापड मुठीत घट्ट धरा, दहा आकडे मोजा आणि सोडा. चुण्या तशाच राहिल्या तर ते कापड बसमधून उतरताना बोळा होऊन उतरणार. ओला पांढरा रुमाल कापडाच्या कोपऱ्यावर घासून बघा, रंग लागला तर ठेवून द्या. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, घालू द्या. मला सुती हवं होतं, पण सुतीला खळ आणि रोजची इस्त्री लागते, आणि होस्टेलवर चाळीस मुलींत एक इस्त्री. म्हणून पॉलिएस्टर-व्हिस्कोस मिश्र घेतलं. काळा रंग मुद्दाम टाळला. त्यावर धूळ आणि कापसाचे तंतू दिसतात, आणि स्वस्तातला काळा धुण्यागणिक विटतो. गडद निळा घेतला. सवय जुनीच.

चव्वेचाळीस इंच पन्न्याचं पाच मीटर कापड, साठ रुपये मीटरने तीनशे. शिलाई एकशे चाळीस. तुळशीबागेतून दोन ओढण्या, एक पांढरी, एक फिकट राखाडी, एकशे वीस. जुन्या सँडलला नवा तळ आणि पॉलिश, तीस. झाले ५९०. ड्रेस घालून बघितला तर खांदे दंडावर उतरलेले. शिंपी म्हणाले, “असू द्या ताई, पुढे अंगाला होईल.” शेजारच्या गल्लीत दुसऱ्याकडून खांदे उचलून घेतले, पन्नास रुपये. ते पन्नास फार जिवावर आले होते. आज विचाराल तर त्या ६४० मधले सगळ्यात कामी आलेले तेच. शिवण खांद्याच्या हाडावर बसली की साधं कापडही भारी दिसतं, आणि खांदा उतरला की हजारोंचा कपडाही मागून आणल्यासारखा वाटतो. बाजूच्या शिवणींत एक इंच कापड मात्र आत सोडायला सांगितलं होतं. नोकरी लागल्यावर मेसचं जेवण सुटलं, तेव्हा ते दोनदा उसवलं.

तिसऱ्या कंपनीत माझी निवड झाली. तो ड्रेस मी ओढण्या बदलून पुढे तीन वर्षं वापरला, अंदाजे ऐंशी वेळा. म्हणजे एका वेळेला आठ रुपये. २००६ मध्ये कामासाठी अमेरिकेला जायचं ठरलं, तेव्हा हुरळून ५,५०० रुपयांचा कोट-पँट घेतला. तिकडे सगळे साध्या शर्टात. तीनदा घातला. भागाकार तुम्हीच करा.

गेल्या वर्षी भाच्याच्या मुलाखती होत्या, बजेट ४,००० रुपये. घरच्यांना सूटच हवा होता, तो मी हाणून पाडला. कोट लागलाच एखाद्या दिवशी, तर भाड्याने मिळतो. आम्ही राखाडी आणि गडद निळी अशा दोन पँटी घेतल्या, पांढरा आणि फिकट निळा असे दोन शर्ट. कोणतीही पँट कोणत्याही शर्टावर चालते, म्हणजे चार जोड झाले. बूट वडिलांचे काळे, पॉलिश करून, आणि पट्टाही काळाच. ‘फक्त ड्रायक्लीन’ असं लेबल असलेलं काहीही घेतलं नाही, कारण त्या कपड्याची किंमत दर महिन्याला पुन्हा द्यावी लागते. ३०० रुपये पँटींची उंची आणि कंबर ठीक करायला आधीच बाजूला काढून ठेवले होते. त्यावरून दुकानात वाद झाला, कारण तेवढ्यात टाय येत होता. टाय मित्राचा वापरला.

सर, तुमच्याकडे एक मागणं आहे. सकाळी मी चौकशी केली, निरोपसमारंभाला मुली अजूनही साडीच नेसतात. साडीला माझा विरोध नाही, हौस असते. पण हा समारंभ गणवेशात ठेवता येईल का, एवढं बघा. साडी नेसायला वर्षभरात दुसरा एखादा दिवस ठेवता येईल, ज्या दिवशी कोणी आलं नाही तरी फोटोत जागा रिकामी दिसणार नाही.

आणि बाई, तो निळा कमीज मी पिशवीत घालून आणला आहे. बाह्यांची तुरपाई सुटली होती, ती मी स्वतः केली, तुम्ही शिकवली तशीच. चहाच्या वेळी तेवढी बघाल का? टाके थोडे मोठे झालेत.