भाग : ठिपक्यांतला चेहरा – फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फोटोचं पोस्टर

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं बरंचसं तसंच ठेवलंय.)

मागच्या काही भागांनंतर एकच प्रश्न सारखा येतोय : ‘फोटोला इफेक्ट द्यायला कुठलं ॲप चांगलं?’ आज त्याचं उत्तर जरा लांबून देतो. माझ्या मते इफेक्ट म्हणजे फक्त सजावट नाही. फोटोत जी माहिती नाहीच आहे तिचं काय करायचं, याचा तो एक निर्णय असतो. हा निर्णय ॲपवर सोडायचा की स्वतः घ्यायचा, हा आजचा विषय.

उदाहरण वर्सोव्यातलंच देतो. कोळीवाड्यातल्या एका मावशींना वडिलांच्या वर्षश्राद्धाला बॅनर लावायचा होता. दोन फूट बाय तीन फूट, साधा फ्लेक्स. फोटो एकच : चार बाय सहा इंची, पिवळा पडलेला, बोटीवर सहा माणसं उभी आणि त्यात वडील डावीकडून दुसरे. चेहरा जेमतेम अर्धा इंच. नातवाने मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये तो टाकला. दोन सेकंदांत एकदम स्वच्छ, चकचकीत चेहरा आला. पापण्या मोजता येतील इतका. मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, “यो माजा बापूस नाय.”

आता हे का झालं ते आकड्यांत बघू. फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. तीन फुटांच्या फ्लेक्सवर अख्खा फोटो पसरला तर इंचाला १०० पिक्सेल. लांबून बघायच्या बॅनरला तेवढे पुरतात. पण आपल्याला हवाय फक्त चेहरा. अर्ध्या इंचाचे झाले ३०० पिक्सेल. तो चेहरा बॅनरवर एक फुटाचा केला की इंचाला उरले २५. मधली जागा कशाने तरी भरायला लागते. ॲप ती भरतं हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने. तो अंदाज दिसायला सुंदर असतो, पण तो त्या माणसाचा नसतो. डोंगर, झाडं, भिंत असेल तर हरकत नाही. गेलेल्या माणसाचा चेहरा असेल तर आहे.

मग दुसरा मार्ग काय? माहिती कमी आहे हे लपवायचंच नाही. चेहरा ठिपक्यांत मांडायचा, जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोसारखा. जवळून नुसते ठिपके, लांबून माणूस. मधलं भरून काढतो बघणाऱ्याचा डोळा. आणि त्या डोळ्यामागे त्या माणसाची खरी आठवण असते.

हे सगळं गिंपमध्ये होतं. गिंप म्हणजे बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी १९९५ साली सुरू केलेला प्रोजेक्ट. आजही पूर्ण फुकट, कोड सगळ्यांना खुला, लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हीवर चालतो. दरमहा भाडं नाही, क्रॅक शोधत फिरणं नाही.

तर पायऱ्या. शक्य असेल तर लॅपटॉप उघडून बसा.

एक. स्कॅन उघडा, चेहऱ्याभोवती क्रॉप करा. लेयरची कॉपी करा. खालच्या लेयरला ‘मूळ’ नाव द्या आणि लॉक करा. त्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. फाईल एक्ससीएफमध्ये सेव्ह करा. जेपेगमध्ये लेयर राहत नाहीत.

दोन. इमेज मेनूतून स्केल इमेज घ्या आणि ३०० पिक्सेलचे १२०० करा. इंटरपोलेशन क्युबिक ठेवा. चित्र मऊ, धूसर दिसेल. दिसू दे. क्युबिक फक्त शेजारच्या पिक्सेलमधला चढउतार गुळगुळीत करतं, नवीन नाक बसवत नाही. हे ठिपक्यांच्या आधीच करायचं, कारण ठिपके पाडून मग मोठं केलं तर त्यांच्या कडा फिसकटतात.

तीन. कलर्स मेनूतून डीसॅच्युरेट करा. उडालेल्या रंगांपेक्षा करडा फोटो बरा. मग लेव्हल्स उघडा. तिथे एक डोंगरासारखा आलेख दिसतो. डावीकडचा काळा त्रिकोण डोंगर सुरू होतो तिथे, उजवीकडचा पांढरा तो संपतो तिथे आणा. पिवळट धुकं जातं आणि कपाळ, गाल वेगळे दिसायला लागतात. आमच्या फोटोत या एका पायरीनंतरच मावशी ‘हां, आता’ म्हणाल्या.

चार. ओरखडे. नवीन रिकामा लेयर घ्या, हील टूल निवडा, त्यात ‘सॅम्पल मर्ज्ड’ला टिक करा. दुरुस्ती या वेगळ्या लेयरवर होते, म्हणजे काय बदललंय ते डोळा बंद-चालू करून कधीही तपासता येतं. माझा नियम साधा आहे : धूळ आणि घडीची रेघ काढायची, चेहऱ्याचा भाग रचायचा नाही. या फोटोत एका कानाचा तुकडा गेलेला होता. तो तसाच ठेवला, ठिपक्यांत ती जागा सावलीत गेली.

पाच. ठिपके. आधी ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ने जे दिसतंय त्याचा एक लेयर बनवा. त्यावर फिल्टर्स, डिस्टॉर्ट्स, न्यूजप्रिंट. काळ्यावर पांढरं की पांढऱ्यावर काळं, त्यात दुसरं घ्या. पीरियड म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर, ते १२ पिक्सेल ठेवा. आपलं प्रिंट इंचाला १०० पिक्सेल, म्हणजे छापल्यावर साधारण तीन मिलिमीटरला एक ठिपका आणि चेहऱ्याच्या रुंदीत शंभर. कोन ४५ अंश. आडव्या-उभ्या ओळी डोळ्याला पटकन टोचतात, तिरक्या कमी.

सहा. रंग. ठिपक्यांच्या लेयरचा मोड मल्टिप्लाय करा आणि त्याच्या खाली सपाट रंगांचा लेयर ठेवा. मल्टिप्लाय म्हणजे खरोखर गुणाकार. पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०. एकाने गुणलं की खालचा रंग तसाच, शून्याने गुणलं की काळा. म्हणून ठिपक्यांमधला पांढरा भाग आपोआप गायब होतो. आम्ही मागे खाडीचा हिरवट निळा आणि चेहऱ्याला गेरूच्या जवळचा रंग भरला. बास, दोनच.

शेवटी नाव आणि तारीख. गिंपच्या टेक्स्ट टूलमध्ये मराठी जोडाक्षरं नीट येतात. फॉन्ट ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ वापरा, दोन्ही मुंबईच्याच एक टाईपने केलेले आणि खुल्या परवान्याचे.

कुणी म्हणेल, लेयर आणि ठिपके ही कॉम्प्युटरची भानगड. तसं नाहीये. आपल्या आजी-पणजीच्या देव्हाऱ्यातली राजा रविवर्मांची लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रं आठवा. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड असायचा. एकावर एक छापत गेलं की चित्र पूर्ण. दगड म्हणजेच लेयर! दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी तीन रंगांचे ब्लॉक बनवायला शिकले होते आणि रविवर्मा प्रेससाठी कामही केलं होतं. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ करणाऱ्या माणसाचा हात आधी छपाईच्या शाईत होता. म्हणजे गिंपच्या मेनूत जे आहे ते आपल्याकडच्या कारागिरांना सव्वाशे वर्षांपूर्वी हाताने येत होतं.

बॅनर लागला. मावशींचे एक वयस्कर चुलते काठी टेकत आले, पंधरा पावलांवरच थांबले आणि नाव घेऊन हाक मारली. जवळ गेल्यावर म्हणाले, “हितं तं नुसतं ठिपकं हाय.” मला वाटतं, इफेक्ट जमला की नाही याची याहून चांगली परीक्षा नाही.

तेव्हा घरात असा एखादा फोटो असेल तर आधी तो स्कॅन करून ठेवा, फोटोंना पावसाळ्याची दमट हवा मानवत नाही. मूळ लेयर लॉक. आणि काम झाल्यावर तो फोटो अशा माणसाला दाखवा ज्याने त्या व्यक्तीला प्रत्यक्ष पाहिलंय. सॉफ्टवेअर काहीही म्हणो, शेवटचा शब्द त्यांचा.

पुढच्या भागात क्रिटा आणि त्यातले ब्रश. भेटू. काळजी घ्या.