भ्रूणाची निवड
मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. शरीराबाहेर फलन घडवणारी ही पद्धत आता नांदेड-लातूरमध्येही उपलब्ध आहे. प्रयोगशाळेतील भ्रूणांपैकी गर्भाशयात कोणता सोडावा, हे ठरवताना तिसऱ्या दिवशी पेशींची संख्या व समानता, तर पाचव्या दिवशी, म्हणजे पोकळी धरलेल्या ‘ब्लास्टोसिस्ट’ अवस्थेत, बाळ घडवणारा आतला पेशीपुंज आणि वार घडवणारा बाहेरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. उत्तम दिसणाऱ्या भ्रूणातही गुणसूत्रांचा दोष असू शकतो, म्हणून यशाची हमी कोणीही देऊ नये. लिंगनिगडित आनुवंशिक आजार टाळण्याचा अपवाद सोडता, मुलगा-मुलगी पाहून भ्रूण निवडणे हा मात्र अशा उपचारांबाबतच्या २०२१ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि मुलींचे घटते प्रमाण पाहिलेल्या मराठवाड्यात त्याची कठोर अंमलबजावणी अत्यावश्यक आहे.